बहिणीला पुण्यात कमी भाड्यात राहायचंय? आधी सखी निवासची चौकशी करा

तुम्ही विचारलंय की बहिणीला पुण्यात नोकरी लागलीय, पगार 18,000 आहे आणि पीजीवाले सात-आठ हजार सांगतायत, तर एखादी संस्था कमी भाड्यात राहायला देते का. देते की. नोकरदार महिलांच्या वसतिगृहाची केंद्राची स्किम आहे, 1972-73 पासूनची, आता मिशन शक्ती या केंद्राच्याच महिलांसाठीच्या मोठ्या योजनेत तिचं नाव सखी निवास झालंय. चालवायला संस्था असतात. मी नाशिकला असताना अशाच एका ठिकाणी राहिलेय.

यातली भारी गोष्ट म्हणजे भाडं पगारावर ठरतं. डॉर्मिटरीत पगाराच्या साडेसात टक्के, दोघींच्या खोलीत 10, एकटीच्या खोलीत 15, याच्यावर घ्यायचंच नाही असा नियम आहे. म्हणजे तुमच्या बहिणीला दोघींच्या खोलीत जास्तीत जास्त 1,800 पडतील. फक्त हे टक्के ग्रॉस पगारावर असतात, हातात येतो त्याच्यावर नाही, आणि मेसचे पैसे वेगळे, ते आधीच विचारा कारण पोरी भाडं ऐकून खूश होतात आणि मेसचं बिल आलं की तोंड वाकडं करतात. पगाराची अट मोठ्या शहरात महिना 50,000 पर्यंत आणि बाकीकडे 35,000, त्यामुळे तिला अडचण नाही. राहता येतं तीन वर्षं, मुदत वाढवून फार तर पाच.

आता खरी डोकेदुखी गेटच्या वेळेची. आमच्या रेक्टरबाई रजिस्टर घेऊन दारातच बसायच्या, सेकंड शिफ्टवालीने कंपनीचं लेटर दिलेलं असलं तरी ती सही करत असताना घड्याळाकडे बघणार म्हणजे बघणारच. बहिणीची शिफ्ट असेल तर ते लेटर फॉर्मबरोबरच जोडा, नंतर वाद नको.

आणि हो, पाटीवर महिला वसतिगृह लिहिलंय म्हणजे ते या स्किममधलंच असेल असं नाही, कितीतरी नुसते प्रायव्हेट पीजी असतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर धड कोणी सांगत नाही. जागा कमी असतात म्हणून जॉइनिंगची वाट न बघता ऑफर लेटर घेऊनच जा. नंबर लागेपर्यंत पीजी घ्यावाच लागला तर डिपॉझिटमधले किती परत देणार ते लिहून घ्या, माझ्या पीजीवाल्या काकूंनी निघताना रंगकामाच्या नावाखाली अख्ख्या महिन्याचे पैसे कापले होते.