अर्गोनॉट ऑक्टोपसचा शंख त्याचा स्वतःचा असतो की हर्मिट क्रॅबसारखा दुसऱ्याचा ढापलेला?

स्वतःचाच. म्हणजे तिचा, कारण शंख फक्त मादीला असतो, नर जेमतेम एक-दोन सेंटीमीटरचा आणि बिनशंखाचा.

पण तुमची शंका अगदीच फालतू नाहीये, एकेकाळी मोठमोठे अभ्यासकही हेच म्हणायचे की हा शंख चोरीचा. बाकी शंखवाले प्राणी स्नायूने शंखाला आतून चिकटलेले असतात, ही कुठेच चिकटलेली नसते, नुसती धरून बसते, मग संशय येणारच ना. 1830 च्या दशकात सिसिलीतल्या मेसिनाला जान व्हिलप्रू-पॉवर या बाईंनी जिवंत अर्गोनॉट टाक्यांमधे ठेवून, शंखाचा तुकडा मुद्दाम तोडून बघितला, तर मादीने तो स्वतःच भरून काढला. विषय संपला.

मजा म्हणजे हा शंख ती हातांनी बनवते. वरच्या दोन हातांना पातळ पसरट पडदे असतात त्यातून कॅल्साइट (चुनखडीत असतं ते खनिज) पाझरतं. (याच पडद्यांची शिडं करून ती वाऱ्यावर तरंगते अशी ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची समजूत, ती चुकीची.) म्हणून दिसायला नॉटिलससारखा (ऑक्टोपसचाच एक लांबचा, शंखवाला नातेवाईक) असला तरी दोन्ही शंखांचा काही संबंध नाही, ऑक्टोपसांच्या पूर्वजांचा बाहेरचा शंख केव्हाच गेला, हा नंतर नव्याने आलेला प्रकार आहे.

आत ती अंडी ठेवते, कारण उघड्या समुद्रात राहणारीला अंडी चिकटवायला खडक कुठून मिळणार. नराचं काम त्याआधीच झालेलं असतं, त्याचा एक खास हात शुक्राणूंसकट तुटून मादीच्या शरीरात राहतो. 1829 मधे क्युव्हिएसारख्या नामवंत फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञाला असा हात सापडला तर त्याने त्याला परजीवी जंत समजून नावसुद्धा दिलं!

शंखाचा दुसरा उपयोग हवा धरून ठेवायला. नॉटिलससारखे तरंगायला मदत करणारे हवेचे कप्पे हिच्या शंखात नसतात. 2010 मधे फिन आणि नॉर्मन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जपानच्या समुद्रातल्या माद्यांवरचं काम छापलं, त्यांनी शंखातली हवा काढून टाकली की मादी सरळ पृष्ठभागावर यायची, शंखात हवा भरून घ्यायची, हातांनी शंखाचं तोंड बंद करायची आणि खाली सूर मारायची. खोल जाताना दाबाने हवा आकसते, आणि जिथे तिचं वजन आणि हवेची उचल सारखी होते तिथे ती ना बुडते ना वर येते, तिथून मग आडवी सुसाट पोहत सुटते.