क्लस्टर काढायच्या आधी अकाउंट बघ

प्रश्न : सर, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याला सौद्याचं अ‍ॅप करून दिलंय, ते आता एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) कुबरनेटिसमधे (अ‍ॅप अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा) टाकायचंय. अकाउंट कालच उघडलंय, डायरेक्ट क्लस्टर (त्या मशीनचा गट) काढू का?

उत्तर : थांब भावा. ज्या ईमेलने अकाउंट उघडलंस तो रूट युजर, म्हणजे सगळे हक्क असलेला मालक, त्याला एमएफए (पासवर्डवर आणखी एक ओळखतपासणी) लावून बाजूला ठेव आणि रोजच्या कामाला वेगळा अ‍ॅडमिन कर, कारण ईकेएसमधे (एडब्ल्यूएसची कुबरनेटिस सेवा) क्लस्टर जो बनवतो त्यालाच आपोआप अ‍ॅडमिन हक्क मिळतात, मग रूटनेच बनवलास तर पुढं रूटनेच लॉगिन करत बसशील. मग बजेट अलर्ट लाव, खर्च वाढला की कळतं. हे मी स्वतः विसरलो होतो, टेस्टिंगचा क्लस्टर गणपतीत तसाच चालू राहिला आणि बिल बघून मोदक घशात अडकला! नुसत्या कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर सांभाळणारा भाग) तासाला ०.१० डॉलर, महिन्याला साधारण ७३, तेही कुबरनेटिसचं व्हर्जन ताजं असेल तर, आणि नोड (अ‍ॅप चालवणारी मशीन), नॅट गेटवे (आतल्या मशीनचा इंटरनेटवर जायचा दरवाजा) यांचं मीटर वेगळं.

रीजन (डेटा सेंटरांचा भाग) मुंबई घे, जवळ पडतं. खरी गोची नेटवर्कात आहे. सबनेट (नेटवर्कमधला आयपी पत्त्यांचा एक तुकडा) किमान दोन वेगळ्या झोनमधे (रीजनमधल्या वेगळ्या डेटा सेंटरात) लागतात, आणि डिफॉल्टला प्रत्येक पॉड (चालणाऱ्या अ‍ॅपची एक प्रत) सबनेटमधला एक आयपी खातो. स्लॅश २४ मापाचं सबनेट घेतलंस तर २५६ आयपींमधले ५ एडब्ल्यूएसच ठेवून घेतं, उरले २५१. सौद्याच्या दिवशी पॉड वाढले की बोंब. सुरुवातीलाच स्लॅश २० घे (आकडा लहान, पण आयपी जास्त), त्याचे जादा पैसे नाहीत. आणि नवीन अकाउंटला व्हीसीपीयू कोटा (किती प्रोसेसर वापरता येतील याची मर्यादा) कमी असतो, नोड उठला नाही तर आधी तिथं बघ.