ग्राहक, ग्राही की ग्राह?

एका वाचकांना मधुमेहावरील मराठी लेखात 'प्रगत ग्लायकेशन अंत्य उत्पादनांचे ग्राहक रक्तवाहिन्यांची हानी करतात' असे वाक्य आढळले. येथे 'रिसेप्टर'ला, म्हणजे ठरावीक पदार्थ पकडणाऱ्या पेशीवरील रेणूला, 'ग्राहक' म्हणावे की 'ग्राही', असे ते विचारतात.

'ग्राहक' मुळीच नको. हा शब्द वाचताच मराठी माणसापुढे गिऱ्हाईक उभे राहते, आणि गिऱ्हाईक माल घेऊन घरी जाते. या रेणूच्या बाबतीत तसे काहीच घडत नाही. त्याच वाक्यातील 'प्रगत' मला त्याहून खुपतो, कारण ती चूक आता सर्रास छापली जाते. साखर विकराच्या मदतीवाचून प्रथिनाला चिकटते, ती जोडणी आरंभी सुटू शकते, पुढे स्थिर होते, आणि बऱ्याच काळाने तिच्यातून कधीही मागे न फिरणारी संयुगे तयार होतात. 'ॲडव्हान्स्ड' म्हणजे येथे एवढेच की ही संयुगे या क्रमाच्या अखेरच्या टप्प्यातली आहेत. प्रगत देशातली प्रगती तिथे नाही. 'उत्तरावस्थेतील' म्हणावे. (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे एचबीए1सी आधीच्या, स्थिर जोडणीच्या टप्प्यातले आहे, हेही अनेक लेखक विसरतात.)

'ग्राही' सर्वसाधारण रिसेप्टरसाठी रुळला आहे, तो राहू द्यावा. वैद्यांची हरकत मात्र रास्त आहे: आयुर्वेदाचे ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी सुंठ, जिरे आणि गजपिंपळी यांना ग्राही म्हटले आहे, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ द्रव शोषून मल बांधणारे द्रव्य असा आहे.

पण या विशिष्ट रिसेप्टरसाठी खरा शब्द याच धातूच्या पोटात आहे. पाणिनीचे 'विभाषा ग्रहः' हे सूत्र 'ग्रह्' धातूपासून ग्रह आणि ग्राह अशी दोन्ही रूपे विकल्पाने होऊ देते, आणि काशिकाकार (पाणिनीच्या सूत्रांवरील 'काशिका' या टीकेचे कर्ते) त्या विकल्पाची अर्थानुसार वाटणी करतात: आकाशातील ज्योती असेल तर ग्रह, पाण्यातील प्राणी असेल तर ग्राह. दोघेही पकडणारेच, फरक फक्त वस्तीचा. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राचा पाय धरतो तो हाच ग्राह. कोकणात पाण्यातल्या भुताला गिऱ्हा म्हणतात, तोही माझ्या मते याच ग्राहाचा वंशज आहे. ग्रहणाचे 'गिराण' झाले आणि ग्राहकाचे 'गिऱ्हाईक' झाले, मग ग्राहाचा गिऱ्हा होण्यात ध्वनीच्या दृष्टीने कोणतीच अडचण मला दिसत नाही.

आता रक्तवाहिनीकडे पाहा. 1992 साली गाईच्या फुप्फुसातून वेगळा केलेला 'रेज' हा याच संयुगांचा रिसेप्टर पेशीच्या आवरणात रुतलेला असतो. त्याचे तोंड बाहेर आणि आखूड शेपूट आत. धमनीच्या अंतःस्तरावर तो वाहत्या रक्ताकडे तोंड करून बसतो, म्हणजे काशिकेच्या कसोटीवर जलचरच ठरतो. उत्तरावस्थेतील शर्करासंयुगे त्याच्या तोंडी लागली की शेपटीवाटे आत इशारा जातो, एनएफ-कप्पा-बी हा दाहाची जनुके चालू करणारा घटक जागा होतो, अंतःस्तरावर पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणारे रेणू उगवतात आणि धमनीच्या भिंतीत दाह सुरू होतो. तोच घटक 'रेज'चे उत्पादनही वाढवतो, त्यामुळे जितकी पकड होते तितके पकडणारे वाढत जातात. याउलट, हीच संयुगे पेशीत ओढून त्यांचा निचरा करणारे वेगळे रिसेप्टरही शरीरात आहेत. 'ग्राहक' शब्द कुणाला द्यायचाच असेल तर त्यांना द्यावा, कारण माल आत नेणारे तेच आहेत.

'स्वीकारक' सुचवणाऱ्या परिभाषाकारांशी मी मुळीच सहमत नाही. स्वीकारात संमती असते, आणि येथे संमतीचा प्रश्नच नाही. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1900 साली 'रिसेप्टर' ही संज्ञा योजली. तिच्यामागच्या लॅटिन 'रेकिपेरे'त मूळ धातू 'कापेरे' आहे, आणि त्याचा अर्थ धरणे, पकडणे. इंग्रजी शब्दाचा आजचा मवाळ अर्थ पाहून ज्यांनी 'स्वीकारक' घडवला, त्यांनी धातूकडे पाहिलेच नाही. आपल्या 'ग्रह्'ने ती पकड जशीच्या तशी राखली आहे.

शेपटाची गोष्ट या नावाला आणखी बळ देते. याच रिसेप्टरचे एक सुटे रूप रक्तात फिरते. त्याला तोंड आहे, शेपूट नाही. ते संयुगे पकडते, पण ज्या पेशीला इशारा द्यायचा तिच्याशी त्याचा सांधा नसतो, म्हणून ते ढालीसारखे वागते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, धमनीकाठिण्याकडे कल असलेल्या मधुमेही उंदरांना हे सुटे रूप टोचल्यावर धमन्यांमधील विकृती रोखली गेली, आणि त्यांच्या रक्तातील साखर व मेद यांत फरक न पडताही हे घडले. त्या सुट्या रूपाला मी 'मुक्तग्राह' म्हणेन. अंतःस्तरात रुतलेल्याला 'ग्राह' एवढेच पुरे, कारण मधुमेहात पायाच्या धमन्या अरुंद होऊन जखमा भरेनाशा होतात तेव्हा त्या पकडीत त्याचाही वाटा असतो, आणि गजेंद्राचाही पायच धरला गेला होता.