प्रिंटर बदलण्याआधी पडद्याचा उजेड तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी छापलेली छायाचित्रे पडद्यावर दिसतात त्यापेक्षा काळपट येतात, चेहऱ्यांवर लालसर झाक उतरते, मनासारख्या एका प्रिंटमागे दोन कागद वाया जातात, तेव्हा मुदत ठेव मोडून पिगमेंट शाईचा (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा) मोठा फोटो प्रिंटर घ्यावा का? माझे मत असे की प्रिंटर आत्ता घेऊ नये, आणि ठेव तर मुळीच मोडू नये.

तुम्ही सांगितलेले दोन्ही दोष बहुधा प्रिंटरचे नाहीत, आणि तसे असेल तर ते नव्या यंत्रातही जसेच्या तसे राहतील. काळपटपणाचे नेहमीचे कारण म्हणजे पडद्याचा प्रखर उजेड. मॉनिटर स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र समोरचा प्रकाश परत फेकतो. म्हणून छपाईसाठी पडद्याची प्रखरता साधारण 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर (पडद्याच्या उजेडाचे माप) ठेवतात, आणि कारखान्यातून येणारे अनेक मॉनिटर याच्या दुपटीहून अधिक प्रखर असतात. अशा पडद्यावर छायाचित्र उजळ भासते, आपण ते आणखी गडद करतो आणि कागदावर सावल्यांमधला तपशील बुजून जातो. लालसर झाक बऱ्याचदा रंगांची दुरुस्ती दोनदा झाल्याने येते: संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) निवडलेले असते आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली (संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) रंगदुरुस्तीही चालूच राहते. या दोहोंपैकी एकच चालू ठेवा. हा बदल फुकट आहे, म्हणून तो सर्वांत आधी करावा.

पैसे खर्चायचेच असतील तर पहिला खर्च मॉनिटर कॅलिब्रेट करणाऱ्या, म्हणजे पडद्याचा उजेड आणि रंग मोजून जुळवणाऱ्या, उपकरणावर करावा. त्याची किंमत मोठ्या फोटो प्रिंटरच्या तुलनेत बरीच कमी असते, पुढे प्रिंटर बदलला तरी ते उपयोगी पडते, आणि महिन्यातून एखादेच वेळी लागत असल्याने छायाचित्रण करणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून घेतले तरी चालते. डोळ्यांच्या अंदाजाने केलेल्या जुळवणीवर मी पैसे लावणार नाही, कारण डोळे खोलीतल्या दिव्याच्या रंगाला नकळत सरावतात.

स्वस्त पर्यायी शाईचाही तुम्ही उल्लेख केला आहे. कागदाचे प्रोफाइल हे ठरावीक प्रिंटर, ठरावीक शाई आणि ठरावीक कागद यांच्या जोडीचे असते. शाई बदलली की कंपनीचे तयार प्रोफाइल लागू पडत नाही, नवे करून घ्यावे लागते, आणि तोवर शाईत वाचलेला पैसा वाया जाणाऱ्या कागदात जातो.

आता हिशेब. तीनपैकी एकच प्रिंट ठेवण्याजोगी निघत असेल, तर तुमची प्रत्येक प्रिंट तिप्पट किमतीला पडते. चारपैकी तीन चांगल्या निघू लागल्या, की तीच प्रिंट सुमारे 1.33 पट किमतीला, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी खर्चात पडते. कोणत्याही नव्या यंत्राने एवढी बचत होणे मला कठीण दिसते. कार्ट्रिज किती पाने पुरेल याचे जाहीर आकडे पाहताना ते आयएसओ 24711 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आहेत का ते बघा, कारण ते मोजमाप कार्यालयीन पानांचे आहे. छायाचित्रांसाठी आयएसओ 29102 हे वेगळे मानक आहे. प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहिला की नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रे) तुंबतात आणि सफाईतच शाई खर्च होते, तीही धरा. मग फोटो छापून देणाऱ्या लॅबच्या एका प्रिंटच्या दरातून घरी एका चांगल्या प्रिंटला पडणारा हा दर वजा करून उरलेल्या फरकाला वर्षभरातल्या प्रिंटच्या संख्येने गुणा. फरकच उरत नसेल, तर कितीही छपाई केली तरी प्रिंटरची किंमत वसूल होणार नाही.

तरीही कागद स्वतः निवडण्याचा, छटा तिथल्या तिथे बदलून पाहण्याचा आनंद खरा आहे आणि त्यासाठी खर्च करण्यात गैर काहीच नाही. तो छंदाचा खर्च समजून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी. कर्जाचे हप्ते नकोत. दुरुस्त केलेल्या पडद्यावर तीन महिने छापा, वाया गेलेला प्रत्येक कागद लिहून ठेवा, आणि प्रिंट वाळल्यावर 5000 केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचे माप) आसपासच्या, दिवसाच्या उजेडासारख्या प्रकाशात पाहूनच पसंत-नापसंत ठरवा. त्यानंतरही मोठा प्रिंटर हवासा वाटला, तर किमतीत कार्ट्रिजचा आणखी एक पूर्ण संच धरा, कारण सोबत मिळणाऱ्या पहिल्या संचातली बरीच शाई यंत्राच्या नळ्या भरण्यातच जाते.