मोठ्या पंपाला व्हीएफडी बसवावा की इंपेलर कापून घ्यावा?

आपल्या कारखान्यातील पाण्याचा पंप गरजेपेक्षा मोठा आहे, त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह कायम अर्धवट बंद ठेवावा लागतो आणि वीज वाचवण्यासाठी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवावा का, असे तुम्ही विचारले आहे. व्हीएफडीचे कोटेशन मागवण्यापूर्वी त्या व्हॉल्व्हच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजावा, असे मी सुचवेन, कारण वाया जाणाऱ्या विजेचा मोठा भाग तिथेच जिरत असतो.

हिशेब अवघड नाही. ताशी घनमीटरमधील प्रवाहाला मीटरमधील हेडने (पाण्याच्या उंचीत मोजलेल्या दाबाने) गुणून 367 ने भागले की किलोवॅट मिळतात. समजा, ताशी 200 घनमीटर पाणी जात असताना व्हॉल्व्हमध्ये 20 मीटर, म्हणजे सुमारे 2 बार, इतका दाब कमी होतो. तर पाण्याची 10.9 किलोवॅट शक्ती तिथे नष्ट होते. पंपाची कार्यक्षमता 70 टक्के आणि मोटरची 92 टक्के धरली तर त्यासाठी जवळपास 17 किलोवॅट वीज खेचली जाते, आणि पंप वर्षाला 8000 तास चालत असेल तर हे नुकसान सुमारे 1,35,000 युनिटांचे होते. प्रवाह मोजण्यासाठी पाइप कापण्याची गरज नाही. बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर पुरतो. बायपासमधून पाणी परत फिरत असेल तर तेही याच वेळी मोजावे.

यानंतर पाण्याची गरज स्थिर आहे की बदलती, हे पाहावे. व्हॉल्व्ह वर्षभर एकाच जागी असेल, तर माझ्या मते व्हीएफडीपेक्षा इंपेलरचा (पंपातील पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाचा) व्यास कमी करून घेणे श्रेयस्कर, कारण त्यात एकदाच खर्च होतो आणि व्हीएफडीमध्ये स्वतःमध्ये वाया जाणारी थोडी वीजही वाचते. मात्र व्यास केवळ सूत्रावरून ठरवू नये. उत्पादकाचे कर्व्ह (प्रवाहानुसार पंपाचे हेड दाखवणारे आलेख) पाहावेत, त्याने दिलेल्या किमान व्यासाच्या खाली जाऊ नये आणि दोन टप्प्यांत कापावे. मूळ इंपेलर तसाच जपून ठेवून सुटा इंपेलर कापायला द्यावा, म्हणजे अंदाज चुकला तरी उत्पादन अडत नाही.

गरज पाळीनुसार किंवा ऋतूनुसार बदलत असेल, तर व्हीएफडी योग्यच आहे, पण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज कमी होते हा नियम जसाच्या तसा लागू होतो तो फक्त सगळे हेड पाइपमधील घर्षणाचे असेल तेव्हा. पाणी 30 मीटर उंच टाकीत चढवायचे असेल आणि शून्य प्रवाहाला पंपाचे हेड 50 मीटर असेल, तर वेग 77 टक्क्यांवर आणताच ते हेड 30 मीटरच्या खाली येते. पाणी चढत नाही, पंप मात्र फिरत आणि तापत राहतो. अशा ठिकाणी लहान पंप घेणे अधिक शहाणपणाचे असते.

पंप इतके मोठे का घेतले जातात, याचेही उत्तर आकड्यांत आहे. पंप निवडताना एकाने प्रवाहात 10 टक्के वाढ धरली की घर्षणाचे हेड 21 टक्के वाढते, त्यावर दुसऱ्याने हेडमध्ये आणखी 10 टक्के धरले की लागणारी शक्ती सुमारे 46 टक्क्यांनी फुगते, आणि दोघांनाही आपण फक्त 10 टक्केच धरले असे वाटत असते.

जुन्या मोटरऐवजी उच्च कार्यक्षमतेची मोटर घेण्याचा विचार असेल, तर एक धोका लक्षात घ्यावा. नव्या मोटरची स्लिप (चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा मोटर जितकी मागे पडते तो फरक) बहुधा कमी असते, म्हणून ती थोडी वेगाने फिरते. मिनिटाला 1450 ऐवजी 1475 फेरे झाले, तर घर्षणप्रधान जोडणीत पंपाची शक्ती सुमारे 5 टक्क्यांनी वाढते आणि मोटरने वाचवलेली वीज त्यातच संपू शकते. म्हणून मोटर बदलायची असल्यास ती आधी बदलावी आणि इंपेलरचे माप त्या नव्या वेगावर मोजणी करूनच ठरवावे.