एमबीएच्या पीआयमध्ये (ॲडमिशनच्या मुलाखतीत) शेवटी 'तुला काही विचारायचंय?' म्हटलं तर काय विचारावं?

पुढच्या आठवड्यात पीआय आहे, पॅनेलला विचारायला चांगल्या प्रश्नांची लिस्ट द्या असं म्हणताय. लिस्ट देत नाही, कारण मी अशीच गुगलवरची लिस्ट पाठ करून गेलो होतो आणि माती खाल्ली.

पुण्यातलंच कॉलेज, नाव नको. वीस मिनिटं बरी गेली, मग मॅडमनी तो प्रश्न टाकला आणि मी लगेच, मॅडम ॲव्हरेज पॅकेज किती असतं? त्यांनी काही न बोलता टेबलावरचं माहितीपत्रक उचललं, मधलं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. तेच पत्रक घेऊन मी बाहेर दीड तास वारा घालत बसलो होतो.

तर आकडे घरीच बघून जा. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगच्या, साइटवर रँकिंगमधल्या कॉलेजांच्या पीडीएफ असतात, त्यात मागच्या बॅचमधून किती पास झाले, कितींना नोकरी लागली, मीडियन पगार (सगळे पगार ओळीत लावल्यावर मधोमध येणारा) किती, सगळं कॉलेजनेच भरलेलं असतं. मीडियनच बघा हां, कारण दहापैकी नऊ जणांना 8 लाख आणि एकाला 48 लाख मिळाले तरी ॲव्हरेज 12 लाख दाखवता येतो, मीडियन मात्र 8 च राहतो.

दुसऱ्या कॉलेजला जाताना आदल्या रात्री सिलॅबस घेऊन बसलो. माझं मेकॅनिकल, दोन वर्षं चाकणला प्लँटमध्ये, म्हणून ऑपरेशन्स (उत्पादन आणि पुरवठा सांभाळायचा विषय) हवं होतं, आणि बघतो तर ऑपरेशन्सचे इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचे पेपर, तिसऱ्या सेमला, समर इंटर्नशिप त्याच्या आधी. मग तेच विचारलं की सर, एक कंपल्सरी पेपर सोडला तर इंटर्नशिपला जाताना पोरांचं ऑपरेशन्सचं काय शिकून झालेलं असतं? सर हसले, म्हणाले ही अडचण आहेच, आणि मग शेजारचे कंपनीतून आलेले पॅनेलिस्ट आणि ते आपापसातच बोलायला लागले, मी नुसता ऐकतोय. (सीट मिळाली, पण या प्रश्नामुळेच मिळाली असं काही म्हणणार नाही.)

हॉस्टेल, मेस, कुठले सर खरंच शिकवतात, हे गेटबाहेर चहाला उभ्या असलेल्या सीनियर्सना विचारा, पॅनेलला नको. आणि तुमचा प्रश्न बोलण्यात आधीच येऊन गेला असेल तर ओढूनताणून नवीन काढू नका, 'माझं होतं ते तुम्ही मगाशीच सांगितलंत सर' म्हणून उठा.