मँगनीजला मॅग्नेशियम म्हणू नका

प्रश्न असा आला आहे : लँथेनम-स्ट्रॉन्शियम-मँगनीजच्या थरयुक्त ऑक्साइडात लोखंडाचा कणही नसतो, मग त्याला 'प्रतिलोहचुंबकी' का म्हणतात? आणि 'चार्ज ऑर्डरिंग'ला मराठीत काय म्हणावे?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. 'लोहचुंबकी' हे गुणाचे नाव, द्रव्याचे नव्हे. लोखंडातल्यासारखी अणूंची चुंबकत्वे एका दिशेला वळली तर लोहचुंबकी. शेजाऱ्यांची तोंडे उलटसुलट राहून एकूण बेरीज शून्य झाली तर प्रतिलोहचुंबकी. चुंबक आणि चुंबन यांचे नाते सर्वांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

प्रश्नकर्त्याने 'मँगनीज' अचूक लिहिले याचा आनंद वाटला, कारण एरवी त्याचे सर्रास 'मॅग्नेशियम' होते. नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींतून निघते ते मँगनीज, मॅग्नेशियम नव्हे! ऑक्साइडातल्या मॅग्नेशियमवर एकही सुटा, म्हणजे जोडीदार नसलेला, इलेक्ट्रॉन नसतो. मँगनीजवर तीन किंवा चार असतात आणि चुंबकत्व येते ते त्यांच्यामुळे.

नावे मात्र सख्खी भावंडे आहेत. मॅग्नेट, मॅग्नेशियम, मँगनीज, तिन्हींचे मूळ ग्रीकांच्या मॅग्नेशिया या प्रदेशनामात. मॅग्नीस नावाच्या गुराख्याच्या जोड्यांचे खिळे दगडाला चिकटले आणि त्यावरून चुंबकाला नाव मिळाले, ही ग्रीक कवी निकांदरची गोष्ट रोमन लेखक प्लिनी सांगतो. ती मला मुळीच पटत नाही. आधी नाव, मग त्यावरून रचलेला गुराखी. पण तोच प्लिनी पुढे लिहितो की चुंबकपाषाणात नर आणि मादी असतात, आणि ट्रॉयच्या परिसरातली मादी काळी व निःशक्त असते. माझे ठाम मत आहे की ही मादी म्हणजे पायरोलुसाइट, मँगनीजचे काळे खनिज. काचेतली हिरवट झाक घालवायला काचकार तेच वापरत. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी लोखंड न ओढणारा, काचेच्या कामी येणारा दुसरा काळा दगड दाखवावा. पुढे मॅग्नेशियाचा अपभ्रंश होत इटालियनांच्या तोंडी 'मँगनीज' झाले. १८०८ मध्ये ब्रिटिश रसायनज्ञ डेव्हीने आपल्या नव्या धातूला (आजच्या मॅग्नेशियमला) आधी 'मॅग्नियम' म्हटले, कारण 'मॅग्नेशियम' हे नाव तेव्हा मँगनीजसाठी वापरले गेले होते.

आणि या 'निःशक्त' दगडातला धातू काय करतो पाहा. प्रश्नातल्या स्फटिकाच्या एका प्रकारात लँथेनम आणि स्ट्रॉन्शियमचे प्रमाण एकास तीन असते. हिशेबाने निम्मे मँगनीज +३ (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले), निम्मे +४. सुमारे २२० केल्विनच्या खाली इलेक्ट्रॉनांची ये-जा थांबते आणि दोन्ही प्रकार बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक बसतात (प्रत्यक्षात दोघांतला फरक पुऱ्या एका इलेक्ट्रॉनाहून कमी भरतो). हेच ते 'चार्ज ऑर्डरिंग'. सुमारे ११० केल्विनच्या खाली चुंबकत्वही शिस्तीत येते : नागमोडी साखळ्या, प्रत्येकीत सगळ्यांची दिशा एक, शेजारच्या साखळीची उलट.

दुसरा प्रश्न राहिलाच. 'भारक्रम' नको, भार म्हटले की वजन नाहीतर भारनियमन डोक्यात येते. 'प्रभारमांडणी' म्हणा.